मधलीचे गोड निरोप

घरात तिला मधली म्हणत आणि कचेरीत मधल्या बाई. घरातलं कारण साधं होतं. थोरली आणि धाकटी यांच्या मधे ती जन्मली होती. कचेरीतलं कारण होतं तिचं काम. काही मुलं इतरांपेक्षा वेगळ्या रीतीनं शिकतात, त्यांना वर्गात बसायला, ऐकायला, बोलायला जास्तीची मदत लागते. अशा मुलांच्या आईबापांचं आणि शाळेचं फाटलं की प्रकरण शिक्षण खात्याच्या समेट कक्षात येई, आणि समेट कक्ष म्हणजे ही एकटी बाई. तिच्याकडे मिटलं तर मिटलं. नाहीतर सुनावणी, वकील, तारखा, आणि तोवर मूल घरात. निकाल लागेपर्यंत मुलाच्या चपला दोन मापांनी वाढलेल्या असत.

कक्ष हा शब्द ऐकून कुणी फसू नये. कचेरीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला समोरासमोर दोन खोल्या होत्या, एवढाच तो कक्ष. एका खोलीला खिडकी होती पण पंखा चालत नसे, दुसरीला पंखा होता पण खिडकी नव्हती. ज्याला खिडकी मिळे तो पंख्यावरून कुरकुर करी आणि ज्याला पंखा मिळे तो खिडकीवरून. दोन्ही दारांना स्प्रिंग होती, उघडून हात सोडला की ती आपली आपण बंद होत. बोळात एक बाक आणि चहाचं एक यंत्र होतं. ते यंत्र एकतर बिनसाखरेचा चहा देई नाहीतर पाक देई. मधलं काही त्याला जमत नसे.

मधलीची रीत ठरलेली होती. आधी दोन्ही पक्षांना एका टेबलाशी बसवायचं. थोड्या वेळात कुणीतरी 'तुम्ही लोक' असं म्हणे, आणि 'तुम्ही लोक' आलं की पुढे नेमकं काय येतं ते तिला पाठ होतं. मग ती त्यांना दोन खोल्यांत वेगळं बसवी आणि निरोपांची ने-आण सुरू करी. नियम एकच, या खोलीतलं या खोलीत. जे पलीकडे सांगायला परवानगी असेल तेवढंच पलीकडे जाईल. हा नियम तिनं आजवर मोडला नव्हता. निरोपांचा मजकूर बदलू नये असं मात्र नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि तिची सगळी हातोटी त्यातच होती. निरोप या दारातून काट्यांसकट निघे आणि त्या दारात पोचेपर्यंत गुळगुळीत झालेला असे.

ही विद्या ती घरात शिकली होती. तिच्या आईवडिलांचा अबोला होता. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून तो सुरू झाला म्हणतात. पुढे कपाट मोडलं, विकलं गेलं, अबोला काही गेला नाही. थोरली दोघांवर चिडून मैत्रिणींकडे जाई. धाकटी लहान, तिला कुणी मोजत नसे. राहिली मधली. आई चुलीपुढून म्हणे, "सांग तुझ्या बापाला, वाढलंय, गिळायला या म्हणावं." मधली बाहेरच्या खोलीत जाऊन म्हणे, "बाबा, जेवायला चला." वडील पहिल्या घासाला म्हणत, "विचार तुझ्या आईला, मीठ काय दुकानात विसरली?" मधली आत जाऊन म्हणे, "आई, बाबांना चिमूटभर मीठ हवंय." आई मीठ देई, वडील जेवत, भांडण होत नसे. शेजारीपाजारी म्हणत, पोरगी गुणाची आहे, हिच्यामुळे घर टिकलंय. हे ऐकून तिला फार बरं वाटे. ती आणखी गोड होई.

मोठेपणी या गोडव्याचा पगार मिळू लागला, आणि वैतागही. खोलीत ती शांत असे. पण बोळात आली की बाकावर बसून पुटपुटे, "आग लागो या सगळ्यांना." घरी गेल्यावर तर विचारूच नका. नवरा बिचारा चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेला, शांत माणूस. ती चपला काढता काढताच सुरू होई.

"अहो, तेरा मुलांच्या वर्गात एका मुलाला कुठल्या खुर्चीवर बसवायचं यावर दोन पदवीधर माणसं दिवसभर भांडली. मुलाला विचारलं कुणी? मूल उभं राहायला तयार आहे."

"अगं, एकाचा नंबर दुसऱ्याला लागत नाही," तो म्हणे. "गिऱ्हाईकाच्या डोळ्याला आहे तो नंबर द्यायचा. तू आपली सगळ्यांना रंगीत काचा घालून पाठवतेस."

"रंगीत काचा नसत्या तर एकमेकांचे डोळे फोडले असते त्यांनी," ती म्हणे. तिथे ते बोलणं संपे.

ठकूचं प्रकरण आलं तेव्हा मधली निवृत्तीच्या उंबऱ्यावर होती. ठकू नऊ वर्षांची, चौथीत. बोले कमी, समजे पुष्कळ. गोंगाट तिला सोसत नसे. मधल्या सुट्टीत सगळी शाळा एकदम बाहेर सुटली की ती कानांवर हात दाबून धरी आणि वाट फुटेल तिकडे पळे. एके दिवशी पळत फाटकाबाहेर गेली, थेट रस्त्यावर. एका ट्रकनं करकचून ब्रेक मारला. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून शाळा आणि घर यांच्यात काही धड राहिलं नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाईंनी सुचवलं की इतर वेळी ठकूनं वर्गात बसावं, मधली सुट्टी आणि खेळाचा तास मात्र जिन्यामागच्या छोट्या खोलीत विशेष शिक्षिकेबरोबर काढावा. ठकूचा बाप नळकाम करणारा. तो हातातलं काम टाकून ती खोली बघून आला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं मुलीला शाळेत पाठवणं बंद केलं. आई घरी शिवणकाम करी. ती फाटकावर गेली आणि चारचौघांत मोठ्या बाईंना म्हणाली, "तुम्हाला माझी पोर नकोच आहे. ती ट्रकखाली गेली असती तर सुटला असता तुम्ही." मोठ्या बाई फाटकावरून आत गेल्या त्या पुन्हा त्या बाईशी बोलल्या नाहीत.

ठकू मात्र रोज सकाळी गणवेश घाली, दप्तर घेऊन दाराशी येई आणि कुणी निघत नाही हे पाहून दप्तरावरच बसून राही. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं की आपली आपण उठे. हे तिच्या आईनं पहिल्या बैठकीत सांगितलं होतं. मधलीनं अशा गोष्टी पुष्कळ ऐकलेल्या, पण ही तिच्या डोक्यातून जाईना.

त्या पहिल्या बैठकीत बापानं तोंड सोडलं होतं. "ती काय खोली आहे? जिन्याखालचं भुयार. उजेड नाही, वारा नाही, भिंतींना ओल, दाराला बाहेरून कडी. जनावर कोंडतात तशी माझी लेक कोंडणार आणि वर त्याला म्हणणार शांत कोपरा. त्या बाईंना म्हणावं, आधी स्वतः बसून दाखवा त्यात. सांगा जाऊन त्यांना हे सगळं."

मधली सांगायला गेली. बोळ ओलांडेपर्यंत तिनं सवयीप्रमाणे तासायला घेतलं, आणि पलीकडे जाऊन म्हणाली, "पालकांना त्या खोलीविषयी थोडी काळजी वाटते. खोली जरा प्रसन्न असावी असं त्यांचं म्हणणं आहे."

प्रसन्न हा शब्द तिचा स्वतःचा. तो सुचला म्हणून ती मनातून खूशही झाली होती.

मोठ्या बाई कामाच्या पक्क्या. त्यांनी आठवड्यात खोलीला पिवळा रंग दिला, चटई अंथरली, दिवा आणि पंखा बसवला. बाप पुन्हा जाऊन खोली बघून आला आणि पहिल्यापेक्षा जास्त भडकला. दुसऱ्या बैठकीला त्यानं नुसतं "नाही" म्हटलं आणि खिडकीतून खाली लावलेल्या स्कूटरी मोजत बसला.

ते ऐकून मोठ्या बाईंचा तोल गेला. "रंग दिला, चटई घातली, दिवा लावला, आता काय झुंबर टांगू? आम्हाला एवढी अक्कल शिकवतात, पण ती घाबरली की घरी हे काय करतात, ते एकदा तरी सांगितलं? ते आम्हीच ओळखायचं. मनकवडे आहोत ना आम्ही. विचारा त्यांना."

मधली बोळ ओलांडून आली आणि आईबापांना म्हणाली, "शाळेला तुमच्याकडून आणखी सहकार्याची अपेक्षा आहे."

"सहकार्य म्हणजे मी मशीन बंद करून वर्गात जाऊन बसायचं, हेच ना?" आई म्हणाली. "सरळ सांगा की."

मग आला तिसऱ्या बैठकीचा दिवस. ही शेवटची. हिच्यात जमलं नाही तर प्रकरण सुनावणीला जाणार होतं, आणि सुनावणीच्या तारखा पुढच्या वर्षाच्या लागत होत्या. म्हणजे चौथी गेलीच, पाचवीही गेली. दप्तरावर बसायची तरी ठकूला किती दिवस उमेद राहील, हे मधली स्वतःशीच विचारत होती. तिला या प्रकरणात काही करून समेट हवा होता.

दोन्ही पक्षांना एका टेबलाशी बसवण्याच्या भानगडीत ती पडलीच नाही. आधी आईबापांच्या खोलीत गेली. आईचे डोळे सुजलेले होते.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते," आई म्हणाली. "घरात राहून ती होतं तेही विसरत चाललीय. आता हाक मारली तरी बघत नाही. त्या खोलीचं आम्ही मान्य करू. पण हे तुम्ही तिकडे बोलायचं नाही. आधी त्यांनी म्हटलं पाहिजे. नाहीतर म्हणतील, आले शेवटी नाक घासत."

बाप खिडकीतून खाली बघत होता. त्यानं मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली असं मधलीनं धरलं.

मग ती पलीकडे गेली. मोठ्या बाई पंख्याखाली ताठ बसल्या होत्या.

"मी मूळ तेच म्हणत होते आणि आजही तयार आहे," त्या म्हणाल्या. "मदतीला एक ताईसुद्धा नेमून देईन. पण दोनदा त्यांचं 'नाही' ऐकलंय, तिसऱ्यांदा मी विचारणार नाही. आता त्यांनी विचारावं. आणि मी तयार आहे हे तुम्ही तिकडे सांगायचं नाही. तुमचाच नियम आहे."

मधली बोळात आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. दोघांना तीच एक खोली हवी, तीच मुलगी त्याच खोलीत बसायला हवी, आणि दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवून बसलेले. ही गोष्ट जगात ठाऊक होती फक्त तिला, आणि तिच्या तोंडाला तिचंच कुलूप. तिनं चहा घेतला. पाक निघाला. तिनं तो तसाच यंत्रावर ठेवून दिला.

आडून आडून करून पाहायचं तेवढं तिनं केलं. आईबापांना म्हणाली, "समजा, त्यांना तुम्हीच विचारलंत तर?" आई म्हणाली, "मरून गेले तरी नाही." मोठ्या बाईंना म्हणाली, "समजा, मोठेपणा तुम्ही घेतलात तर?" मोठ्या बाई म्हणाल्या, "मोठेपणा घेऊन घेऊन कंबर मोडली माझी." दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरीच्या गुडघ्यांत तेवढ्या कळा येत होत्या.

तिच्या पोतडीत एक शेवटचा उपाय होता. प्रस्ताव तिनं स्वतःचा म्हणून दोन्ही खोल्यांत मांडायचा. प्रत्येकानं फक्त तिच्या कानात हो किंवा नाही म्हणायचं. दोन्हीकडून हो आलं तरच ती ते जाहीर करणार, नाहीतर कोण काय म्हणालं ते कुणाला कळणार नाही. म्हणजे कुणाचंच नाक कापलं जात नाही. तिनं प्रस्ताव मांडला, इतर वेळी वर्ग, सुट्टी आणि खेळाच्या तासाला छोटी खोली, मदतीला ताई. मोठ्या बाई प्रस्ताव पुरा ऐकायच्या आधीच म्हणाल्या, "हो."

मधली जवळजवळ धावतच पलीकडे आली. आई ऐकत होती, ऐकता ऐकता तिचा चेहरा सैल झाला. ती तोंड उघडणार तोच बापानं हात वर केला.

"थांब," तो बायकोला म्हणाला. मग मधलीकडे वळला. "हा प्रस्ताव तुमचा म्हणता. पण खोली त्यांचीच, वेळ त्यांचीच. म्हणजे हे त्यांच्याच मनातलं आहे. आणि ते इतक्या सहजी तयार असतील, तर यात काहीतरी गोम आहे."

"कसली गोम?" मधलीनं विचारलं.

"ते त्यांना माहीत आहे. पहिल्याच दिवशी सगळं सांगितलंय मी. माझं उत्तर नाही."

"अहो, पण," आई म्हणाली.

"नाही म्हटलं ना."

मधली बाहेर आली. दार तिच्या पाठीमागे आपलं आपण बंद झालं. ती बाकावर बसली. आता तिला 'समेट झाला नाही' एवढं लिहायचं होतं आणि घरी जायचं होतं. तिनं पेनही उघडलं. पण तिच्या डोळ्यांपुढे ते दप्तर आलं, त्यावर बसलेली ती मुलगी आली, आणि तिला असा काही संताप आला की पेनाचं टोपण कुठे पडलं तेही कळलं नाही. सगळं आयुष्य या माणसांचे निरोप वाहण्यात गेलं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. हे लोक शहाणे होणार नाहीत, आणि आपण तरी काय म्हणून हमाली करायची?

ती उठली. खिडकीच्या खोलीचं दार तिनं सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून त्याला खुर्ची लावली. पंख्याच्या खोलीचंही तसंच केलं. मग बोळातल्या बाकावर येऊन बसली आणि दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"मला जे बोलायची बंदी आहे ते मी बोलणार नाही. पण आता एकही निरोप मी इकडचा तिकडे नेणार नाही. नेऊन नेऊन पाय तुटले माझे. ज्याला जे म्हणायचंय त्यानं ते आपल्या तोंडानं म्हणावं. नाहीतर बसा असेच. मला घाई नाही. घाई त्या पोरीला आहे, आणि तिचं इथे कुणाला पडलेलं नाही."

इतक्या वर्षांत मधल्या बाईंचा चढलेला आवाज या बोळानं ऐकला नव्हता. पंख्याच्या खोलीतून मोठ्या बाई खाकरल्या.

"मधल्या बाई, त्यांना म्हणावं..."

"तुम्हीच म्हणा."

खिडकीकडून बाप म्हणाला, "बाई, त्यांना विचारा..."

"तुम्हीच विचारा."

खाली कुणाचीतरी स्कूटर सुरू होईना, किक मारल्याचा आवाज तेवढा वर येत होता. मग बाप उठून दाराशी आला. समोरच्या दारातून त्याला मोठ्या बाई दिसत होत्या. तो मोठ्या बाईंकडे न बघता, त्यांच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघून म्हणाला,

"कडी का नाही काढली?"

"कसली कडी?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"त्या खोलीची. बाहेरून आहे ती. भिंतींना रंग दिलात, आणि कडी काढायची सोडून कडीलाही रंग दिलात. पिवळा. मी डोळ्यांनी बघून आलो."

मोठ्या बाई उठल्या आणि त्याही आपल्या दाराशी आल्या. "अहो, ती खेळाच्या सामानाची खोली होती. चेंडू चोरीला जात म्हणून कडी होती. रंगारी आला, त्यानं दिसेल त्याला रंग फासला. मी कडी लावून मुलीला आत ठेवणार असं वाटलं तुम्हाला?"

"दुसरं काय वाटणार?"

"कडी नको असं सांगायचं होतं. एका स्क्रूड्रायव्हरचं काम. मी तुमच्यासाठी पंखा लावला, तर कडी काढली नसती?"

"सांगितलं की. पहिल्याच बैठकीत. ओरडून सांगितलं."

"कुणाला?"

दोघांनी एकाच वेळी बाकाकडे बघितलं.

मधलीला तो निरोप आठवला. ओल, अंधार, कडी, जनावर, सगळं एका टोपलीत भरून तिनं बोळातच टाकून दिलं होतं आणि बदल्यात एक प्रसन्न नेऊन दिलं होतं. काटे काढता काढता गाभाही काढला गेला होता.

"मलाही एक विचारायचं होतं," मोठ्या बाई आता आईकडे बघून म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "ती घाबरली की घरी तुम्ही काय करता? मागच्या खेपेला मी विचारून पाठवलं. उत्तर आलंच नाही."

"आम्हाला असं कुणी विचारलंच नाही," आई म्हणाली. "सहकार्य करा, एवढंच आलं."

"मग आता सांगा."

आई पुढे आली. नवऱ्याच्या बाजूनं वाट काढून ती बोळात उभी राहिली. "ती मशीनखाली जाऊन बसते. शिलाई मशीनच्या टेबलाखाली. मी वर शिवत राहते, मशीनचा आवाज तिला आवडतो. काही बोलायचं नाही. हाक मारायची नाही. तिच्या मागे तर धावायचंच नाही. मागे कुणी धावलं की ती आणखी पळते, थांबतच नाही. आपण जागच्या जागी बसून राहिलं की येते आपली आपण."

मोठ्या बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकवला.

"त्या दिवशी आम्ही चौघी धावलो तिच्या मागे," त्या म्हणाल्या. "तिच्या नावानं ओरडत. मी सगळ्यांत पुढे होते. म्हणजे फाटकापर्यंत आम्हीच पळवलं तिला."

आईनं ट्रकचं नाव काढलं नाही. फाटकावर ती जे बोलली होती तेही काढलं नाही. "तुम्हाला कुठून ठाऊक असणार," ती म्हणाली. "मी सांगायला हवं होतं."

"मी नीट विचारायला हवं होतं."

"तुम्ही विचारलं होतं म्हणता ना."

"हो, विचारलं होतं." मोठ्या बाई पुन्हा बाकाकडे वळल्या. "मधल्या बाई, हे काय चालवलं होतं तुम्ही? मी विचारलं एक आणि तुम्ही सांगितलं भलतंच."

"आमचंही तसंच," बाप म्हणाला. "मी कडी म्हटलं आणि यांनी पोचवलं काय?"

"प्रसन्न," मोठ्या बाई म्हणाल्या. "खोली प्रसन्न हवी."

"प्रसन्न हा शब्द मी जन्मात वापरलेला नाही," बाप म्हणाला.

या दोन पक्षांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत झालं ते हे पहिलंच, आणि ते मधलीच्या विरुद्ध होतं. आई तेवढी म्हणाली, "जाऊ द्या, त्यांनी आपल्या भल्यासाठीच केलं." पण तिच्याही आवाजात फारसा जोर नव्हता. "चुकलं माझं," मधली म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

पण तिचं मन त्या बोळात राहिलं नाही. ते मागे गेलं, चुलीपाशी आणि बाहेरच्या खोलीत. आई काय म्हणाली होती, वडील काय म्हणाले होते, त्यातलं काय काय आपण वाटेत टाकून दिलं? मीठ कमी पडलं हे त्यांनी एकदा तरी एकमेकांच्या तोंडावर म्हटलं असतं, तर भांडण पेटलं असतं, ताटं आपटली असती, पण नंतर कोणीतरी बोललंच असतं. तिनं इतकं नीट सांभाळलं की बोलायची गरजच कुणाला पडली नाही. दोघं तशीच गेली, आधी वडील आणि मग आई. शेजाऱ्यांच्या तोंडचं ते कौतुक आठवून तिला आता लाज वाटली, आणि रडूही आलं. तिनं चहाच्या यंत्राकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

मागे वळून पाहते तो बोळ रिकामा. दोन्ही खोल्यांची खुर्च्या लावलेली दारं तेवढी उघडी. समेटाच्या कागदावर अजून एकही सही झालेली नव्हती. ती कागद घेऊन जिन्याकडे धावली. तिघंही एक मजला खाली जिन्यातच उभी होती आणि एकदम बोलत होती.

"जुनं मशीनचं टेबल आहे घरी, वरचा पत्रा निघालेला," बाप सांगत होता. "ते आणून ठेवतो त्या खोलीत. खाली मोकळंच आहे, बसेल ती."

"दारातून जाईल का? दार अरुंद आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पाय सुटतात त्याचे. नाही गेलं तर आत नेऊन जोडतो. कडी काढायला यायचंच आहे मला."

"कडी मी आज काढते. तुमची वाट बघत नाही."

"स्क्रू गंजले असतील. जोर लावलात तर लाकूड फुटेल."

"अहो, मला येतं."

"उद्या दप्तर घेऊन दाराशी बसली की तिला उठवू ना मी?" आईनं मधेच विचारलं. "नक्की ना?"

"उठवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि फाटकापर्यंत तुम्ही या. पहिल्या दिवशी तिच्याशी काय बोलायचं आणि काय नाही, ते मला तिथेच सांगा."

मधली दोन पायऱ्या खाली उतरली. "तेवढ्या सह्या," ती म्हणाली.

बापानं वळूनही पाहिलं नाही. मागे हात करून तो म्हणाला, "थांबा हो बाई जरा. आमचं बोलणं चाललंय."

मधली थांबली. उतरलेल्या दोन पायऱ्या ती पुन्हा वर चढली आणि कठड्याला टेकून, कागद हातात धरून, गप्प उभी राहिली.